परत चेन्नई

मदुराईच्या धावपट्टीला चाकं टेकली आणि शेषगिरीरावांनी रोखलेला श्वास सोडला. पडद्यावर गुण आले, ब्याण्णव. आता परतीची एक फेरी नीट झाली की खांद्यावर चौथी पट्टी, म्हणजे कॅप्टन. वय वर्षं अडुसष्ट, आणि गणवेश म्हणाल तर लुंगी-बनियन.

दारावर थाप पडली. त्यांनी घाईघाईनं संगणकाचा पडदा बंद केला.

"काय चाललंय आत?" सीतालक्ष्मीनं बाहेरूनच विचारलं.

"पेन्शनर संघाचं टायपिंग."

"काफी ठेवली आहे."

"सेरि, येतो."

झालं बोलणं. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या त्या फ्लॅटमध्ये नवराबायकोचं सहा वर्षं एवढ्यावरच भागत होतं. मुरली त्यांचा एकुलता एक. ओरगडमच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून तो याच खोलीत, याच खुर्चीत बसून विमानं उडवायचा. "खेळण्यातली विमानं उडवणाऱ्याला या घरात ताट नाही," असं शेषगिरीराव एकदा बोलून बसले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मुरली त्याच संध्याकाळी निघून गेला. नंबर बदलला, पत्ता कळवला नाही. सीतालक्ष्मी भांडली नाही. तिनं फक्त बोलणं आखडतं घेतलं, आणि ते भांडणापेक्षा जड गेलं.

आणि आता म्हातारा स्वतःच त्या खेळाला लागला होता. बायकोला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मूळ खेळाला जोडायचा एक करिअरचा भाग मुरलीनं घेऊन ठेवला होता. त्यात शिकाऊ म्हणून लागायचं, फेऱ्या मारायच्या, बढती मिळवायची. मुरलीनं आपली छोटी कंपनीच काढली होती, 'तंजावर एअर'. कंपनीत दोनच खुर्च्या. एक वैमानिकाची, दुसरी फेऱ्या नेमून देणाऱ्या कंट्रोलची. कंट्रोलचं काम कुठूनही, साध्या फोनवरूनही करता येई. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली चिकटवलेली होती, तेव्हा शेषगिरीराव मुरलीच्याच नावानं वैमानिक होऊन बसले.

पहिले काही महिने कंट्रोलची खुर्ची रिकामीच होती. मग पोंगल झाल्यावर एका दुपारी तिथे हिरवा दिवा लागला आणि एक ओळ आली. अक्षरं तमिळ होती. वाचली तर मराठी.

'वारा जास्ती. सावकाश.'

शेषगिरीरावांनी ती ओळ पुन्हा वाचली. तंजावरकडच्या त्यांच्यासारख्या घरांत मराठी बोलायची ती तोंडानं, लिहायची ती तमिळ अक्षरांत. नागरी लिपी कुणाला धड येत नाही. मुरलीही तसाच शिकला होता. जगात विमानं उडवणारे लाख असतील, पण या अक्षरांत ही भाषा लिहिणारा त्यांच्या मते एकच.

आपल्या नावावर कोण बसलंय हे त्यानं ओळखलंच असणार. ओळखूनही फेऱ्या देतोय! नाव घेऊन विचारावं असं शंभरदा मनात आलं. पण न जाणो, विचारलं आणि दिवा विझला तर?

मग रोज दुपारी ठरल्यासारखं सुरू झालं.

'जेवण झालं?'

'झालं. तिकडे?'

'झालं.'

एवढ्यासाठी ते सकाळपासून घड्याळ बघत. पोटचं पोर जेवलं, एवढी बातमी बापाला दिवसभर पुरे. फेरी तिरुचीची असो की कोइंबतूरची, शेवटची सूचना कधी बदलली नाही. 'परत चेन्नई.' पोराला घरची ओढ लागलीय, असं ते मनाशी म्हणत आणि डोळे पुसत.

काल कंट्रोलनं लिहिलं होतं, 'घरी कधी?'

बापाला परवानगी विचारतोय! त्यांनी लगेच उत्तर दिलं, 'केव्हाही.'

आणि आज सकाळी सीतालक्ष्मी आपणहून बोलली.

"मुरलीची खोली मोकळी करा. तुमचं टायपिंग हॉलमध्ये करा."

"कशाला?"

"गादी उन्हात घालते आहे. लागेल."

हल्ली तिच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. केसांत पुन्हा मोगरा दिसू लागला होता. मुरलीनंच घेऊन, सगळं लावून दिलेला फोन हातातून सुटत नव्हता. सीरियलमध्ये काहीतरी बरं चाललं असेल, असं ते धरून चालले होते. पण गादी? आईच्या जिवाला कसं कळतं कोण जाणे! तिला अंधारात ठेवून आपण एकटेच पोराशी बोलत राहिलो, याची त्यांना मनस्वी लाज वाटली. आज ही फेरी संपली की मुरलीची माफी मागायची. त्याला घरी आणायचं आणि मगच तिच्यापुढे उभं राहायचं.

काफी घ्यायला ते हॉलमध्ये गेले. सीतालक्ष्मी जमिनीवर बसून कीरैची जुडी निवडत होती, फोन मांडीशी. टंबलर रिकामा करून ते पुन्हा आत आले आणि दार लावून घेतलं.

तासाभरात चेन्नई आली. विमान अलगद उतरलं. चौथी पट्टी मिळाल्याचं पडद्यावर झळकलं, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. एका बोटानं, एकेक तमिळ अक्षर शोधत त्यांनी लिहिलं,

'मुरली, मी अप्पा. चूक माझीच होती. घरी ये.'

पाठवलं. हिरवा दिवा तसाच जळत होता. एक मिनिट गेलं, पाच गेली. त्यांनी हात जोडले.

मग ओळ आली.

'अहो, तुम्ही? मी तर मुरलीशी बोलत होते.'