बारा शब्दांचं कुलूप

यावलच्या तेजसनं क्रिप्टोसाठी दोन वॉलेट निवडली. किरकोळ खर्चाचं मोबाईलमध्ये. कायमच्या साठवणीचं पेन ड्राइव्हएवढ्या यंत्रात. केळीचा पैसा आणि बायकोची, कामिनीची, मोडलेली सोन्याची पोत, सगळं त्यात गेलं. ते उघडायला ओळीनं बारा गुप्त शब्द लागत. या शहाण्यानं ते फक्त स्वतःच्या डोक्यात ठेवले.

"अहो, मले बी सांगून ठेवा ना. मानसाचा काय भरोसा?" कामिनी म्हणायची.

"तुले काय समजते!"

लग्न झाल्यापासून तिच्या प्रत्येक बोलण्याला, पाहुण्यांसमोरसुद्धा, त्याचं हेच उत्तर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याला लकवा मारला. जळगावचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूचं ऑपरेशन आहे, पैशाची सोय करा." मोबाईलमधलं वॉलेट औषधांतच आटलं होतं. कामिनी कागद-पेन घेऊन त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसली. "अहो, आता तरी सांगा ते शब्द."

तेजसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तो जीव तोडून सांगायला गेला. पण लकव्यानं त्याची सगळी भाषा पुसून टाकली होती. वर्षानुवर्षं घोटलेलं एकच वाक्य तेवढं जिभेवर शिल्लक होतं.



"तुले काय समजते!"