टेबलाखाली दोघी

ढोलाच्या आवाजाने बिथरलेली नऊ वर्षांची शर्वी कानांवर हात दाबून टेबलाखाली जाऊन बसली, तशा हेमांगीताईही पदर खोचून तिच्यामागे शिरल्या. विशेष मुलांच्या शाळेत अशा वेळी मुलांना सावरणं हेच त्यांचं काम होतं. पण तीन महिन्यांत शर्वी त्यांच्याशी चकार शब्द बोलली नव्हती.

ताई नुसत्याच बसून राहिल्या. तेवढ्यात मुख्याध्यापिका वाकून म्हणाल्या, “अहो ताई, या वयात टेबलाखाली काय करताय? बाहेर या बघू!”

शर्वीने ताईंचा हात घट्ट धरला.

“त्यांना रागावू नका,” ती ठणकावून म्हणाली. “ताई घाबरल्यात. मी आहे त्यांच्याजवळ.”

मुख्याध्यापिका पाय न वाजवता निघून गेल्या. ताईंनी हसू दाबलं आणि आणखी थोडा वेळ घाबरून राहायचं ठरवलं.