अर्धा प्याला

ओश शहरातल्या विद्यापीठात बेगिमाय वर्गावर्गांत जाऊन आपल्याच वयाच्या मुलामुलींना ठणकावून सांगायची, “एका प्याल्यातून चहा प्यायल्यानं एचआयव्ही होत नाही! भिऊ नका, तपासून घ्या.” वसतिगृहातल्या खोलीत ती आणि मैत्रीण चोल्पोन तीन वर्षं एकाच प्याल्यातून पीत होत्या. चोल्पोन तो तिकडच्या रीतीप्रमाणं नेहमी अर्धाच भरायची; काठोकाठ प्याला म्हणजे पाहुण्यानं आता निघावं. चुकून जास्त ओतला, की बेगिमाय लटकंच रागवायची, “काठोकाठ भरलास? नकोशा पाहुण्यासारखं हाकलतेस होय गं?” आज एक घोट घेऊन चोल्पोननं प्याला पुढं केला. “तुझं ऐकून तपासून घेतलं. मला एचआयव्ही आहे, बेगी. घरीसुद्धा सांगितलं नाहीये.” बेगिमायनं तिला घट्ट कवटाळलं. दोघी पोटभर रडल्या. मग बेगिमायनं प्याला घेतला आणि ओठांना लावण्याआधी नकळत अंगठ्यानं त्याची कड पुसली. चोल्पोननं पाहिलं. तिनं किटली उचलली आणि प्याला काठोकाठ भरला.