न वाजवायची जागा

सोळा जणांचं वाजवणं जागेवर बसलं होतं. सतरावी फाईल ट्रॉम्बोनची, म्हणजे बाबांची. त्या फाईलीला हात लावायचा धीर तिला दोन दिवस होत नव्हता.

एके काळी हे सतरा जण एकाच स्टेजवर दाटीवाटीने बसून, नाचायला आलेल्या लोकांसाठी स्विंगची गाणी वाजवायचे. आता कुणाचे गुडघे गेले, कुणी लेकीकडे राहायला गेलं. म्हणून जुन्या गाण्यांचा हा अल्बम असा चालला होता: ज्याने त्याने आपल्या घरी, हेडफोनमधले ठोके ऐकत आपापला भाग वाजवायचा आणि तिच्याकडे पाठवून द्यायचा. ती मिक्सिंग करणारी. सतरा घरांतले तुकडे शिवून एक बँड उभा करायचा, हे तिच्याकडे.

बुधवारी दुपारी धाकट्या भावाचा फोन आला होता, गाडीत बसून केलेला. जेवणाच्या सुट्टीत तो बाबांकडे डोकावला, आपल्या किल्लीने दार उघडलं, तर बाबा कानाला हेडफोन लावून, भिंतीकडे बघत आकडे पुटपुटत बसलेले. काहीही विचारलं तरी उत्तर नाही, नुसतं बोट वर. "वर, आई गेली तिकडे दाखवत होते गं ताई," तो म्हणाला. सोमवारी एका वृद्धाश्रमात खोली बघायची हे त्याने ठरवूनच टाकलं, आणि इतक्या लांबून ती तरी काय बोलणार, तिने हो म्हटलं. संध्याकाळी बाबांना फोन केला तर त्यांनी फाईल मिळाली का, हे दोनदा विचारलं. एरवी ती हसली असती. त्या दिवशी हसू आलं नाही.

आज शनिवार. बाबांचं वाजवणं भरकटलेलं निघालं तर धाकट्याचं खरं ठरणार होतं. तिने फाईल उघडली.

सुरुवात बरी होती. फुंक जरा कमी, पण सूर सच्चा. मग मधली मोठी जागा आली. तिथे बाकीचे वाजवतात आणि ट्रॉम्बोनने गप्प बसायचं; चार-चार ठोके अठ्ठेचाळीस वेळा मोजायचे आणि पुढच्याच ठोक्याला नेमकं आत शिरायचं. सगळ्यांच्या अशा रिकाम्या जागा ती न ऐकताच कापून टाकायची. खोकल्यावाचून त्यात काही नसतं. ही तिने कापली नाही.

बाबा मोजत होते. चक्क मोठ्याने. "एक, दोन, तीन, चार. दोन, दोन, तीन, चार. तीन, दोन, तीन, चार." कितवी फेरी ते आधी, मग उरलेले ठोके. स्टेजवर त्यांना असं मोजताना तिने कधी ऐकलं नव्हतं. तिथे वेळ झाली की शेजारचा ट्रॉम्बोनवाला त्यांना गुडघ्याने ढोसायचा, आणि तीस वर्षं ती सोय त्यांनी बिनघोर वापरली. घरी कोण ढोसणार?

अकराव्या फेरीला दार उघडल्याचा आवाज आला.

"बाबा, जेवलात का?" हा धाकटा.

"बारा, दोन, तीन, चार."

"बाबा, आज वार कोणता?"

आकडे जरा चिडके झाले, पण अडखळले नाहीत. ते बोट तिला आता इथे बसल्याजागी दिसलं. ते आईकडे वगैरे काही नव्हतं. थांब जरा, म्हणत होतं.

"बाबा, मी कोण?"

"एकतीस, दोन, तीन, चार."

मग पावलं, मग दार. ते असं आपटलं की पडद्यावरची आवाजाची रेघ लालभडक झाली. अशा दणक्याने भल्याभल्यांचं मोजणं तुटतं. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. शेहेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. आणि ट्रॉम्बोन नेमका ठोक्यावर उतरला. दोघा सॅक्सोफोनवाल्यांना तिने परवा ओढूनताणून जागेवर बसवलं होतं; बाबांना केसभर हलवायचीही गरज नव्हती.

बाबांनी गाणं शेवटपर्यंत नेलं. शेवटचा सूर विझला, हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग ते निवांतपणे बोलायला लागले.

"हं. जेवायचोय अजून. आज बुधवार. आणि तू माझा धाकटा, शर्टाची बटणं वरखाली लावून आलेला. चल, बस जेवायला." खुर्ची सरकल्याचा आवाज. "अरे, गेला कुठे हा?"

ती टेबलावर डोकं टेकून हसली. मग नाक पुसलं, मग पुन्हा हसली. अकराव्या फेरीपासून शेवटपर्यंतचा तुकडा तिने भावाला पाठवला. खाली एवढंच लिहिलं, सोमवारचं रद्द कर.

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

"ताई," तो म्हणाला, "बटणं खरंच वरखाली होती. संध्याकाळपर्यंत ऑफिसात कुणी सांगितलं नाही मला."