सुलभाबाईंची धडधड

मंगळवारी सकाळी अकरा वाजता सोलापूरच्या बाल न्याय मंडळात तनुजा गवंडीच्या मनगटावरचा पट्टा काढायचा होता. गेल्या वर्षी, सोळाव्या वर्षी, तिने धावत्या स्कूटरवरून सुलभा हिरेमठ यांच्या गळ्यातली साखळी ओढली होती. तेव्हापासून सुलभाबाई घाबरल्या की पट्ट्यामुळे तनुजाच्या छातीत धडधडायचे. सुलभाबाईंच्या मागून स्कूटर आली की दोघींना एकदमच घाम फुटायचा. हीच तिची शिक्षा होती.

“महिनाभर पट्टा शांत आहे. बाईंची भीती गेली, शिक्षा संपली,” मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या.

सुलभाबाई उठल्या. “काढू नका. मी घाबरले तर माझ्याबरोबर आणखी कोणीतरी घाबरेल, या धीरावर तर मी घराबाहेर पडते. पट्टा काढलात की मी पुन्हा एकटी.”

अध्यक्षांनी तनुजाकडे पाहिले. मुदत वाढवायची तर तिची संमती लागणार होती.

“काढा,” तनुजा म्हणाली. “कॉलेजात सगळे हसतात. पण काकू, संध्याकाळी तुम्ही भाजीला जाता ना, मी येते बरोबर.”

“स्कूटरवर?”

“चालत.”

“मग माझ्या पुढे चालायचं. मागे नाही.”

तनुजाला हसू आले. पट्टा निघाला.

सहा वाजता सुलभाबाई पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. तनुजा अजून आली नव्हती. कोपऱ्यावरून एका स्कूटरचा आवाज जवळ येत होता. त्या आत गेल्या नाहीत. त्यांची छाती किती धडधडते आहे, हे आता फक्त त्यांनाच ठाऊक होते.