भरलेला तांब्या

एकाहत्तरची लढाई चालू होती. शत्रूचे हेर छत्री बांधून आभाळातून उतरतात, असं तेव्हा गावात जो तो सांगायचा. अशात एका दुपारी कनेरगावाजवळ आमच्या तुरीच्या रानात विमान कोसळलं आणि पांढऱ्या छत्रीला लटकलेलं एक पोरगं बांधावर येऊन पडलं.

त्याचा पाय मोडला होता, मांडीतून रक्त वाहत होतं. कुठल्याशा अनोळखी भाषेत पुटपुटत ते ओंजळ तोंडाशी नेऊन दाखवत होतं. मी तांब्या घेऊन पुढं झाले, तसा आमच्या ह्यांनी माझा हात धरला.

"दुश्मनाला पाणी पाजून राहिली का तू?"

मग सगळ्यांनी मिळून त्याला लिंबाला बांधलं आणि एकाला सायकलवर हिंगोलीला पोलिसांकडे पिटाळलं.

जीप आली तोवर पोरगं बोलायचं थांबलं होतं. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, विमान शिकाऊ होतं, आणि पोरगं आपल्याच फौजेतलं, केरळकडचं. भरलेला तांब्या अजून माझ्या पायाशीच होता.

आता टीव्हीवर पुन्हा लढाईच्या बातम्या आहेत. माझी नात आकांक्षा हवाई दलात विमान चालवायला शिकते. काल तिचा फोन आला, उद्या पहिल्यांदाच एकटी उडणार म्हणून. मी पुन्हापुन्हा जपून जा म्हणाले, तशी ती हसली.



"आजी, एवढी काहून भेऊन राहिलीस? पडले तरी आपल्याच लोकांत पडेन ना."