कोणी काय काढलं

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही सात वर्षांचे आहात. शाळेतून थेट पोलीस चौकीत आला आहात आणि तुमची आई समोर जमिनीवर बसली आहे. बाकावर जागा असूनसुद्धा.

चिमीचं तसंच झालं होतं. तिची आई वर्तमानपत्राची फोटोग्राफर. दुपारच्या मोर्चातल्या लोकांना पोलिसांनी गाडीत घातलं, त्यांच्याबरोबर तिलाही घातलं. चिमीला घेऊन आलेली मावशी दारात उभी राहून वकिलाला फोन लावत होती.

"तू हिची मुलगी का गं?" मिशाळ हवालदार खाली वाकला. "मग सांग बरं, आजचा मोर्चा कोणी काढला?"

हे तर चिमीला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मागचा मोर्चा पेपरात पहिल्या पानावर आला, तेव्हा तिने वर्गभर मिरवलं होतं.

"आईने," ती म्हणाली. "सगळे मोर्चे आईच काढते."

"साहेब, लेकरूच सांगतंय बघा," हवालदार टेबलामागच्या साहेबांना म्हणाला.

जमिनीवर बसलेले लोक हसले. डोक्याला रुमाल बांधलेले एक आजोबा म्हणाले, "अहो, मोर्चा आम्ही काढला. उन्हातून पाय आमचे तुटले आणि नाव हिचं?"

"ती फोटोबद्दल बोलतेय," आई म्हणाली. "मी फोटो काढला. मोर्चा यांनी काढला."

"एकूण काढला ना?" साहेबांनी आईकडून घेतलेला कॅमेरा सुरू करून टेबलाच्या कडेला ठेवला. "हे फोटो पुसा आणि लेकीला घेऊन घरी जा. नाहीतर रात्र इथेच काढा."

"रस्त्यात उभं राहून फोटो काढणं गुन्हा नाही, साहेब. मी पुसणार नाही."

चिमीचं डोकं गरगरलं. फोटो काढला, मोर्चा काढला, आता रात्रसुद्धा काढायची? खरं बोललं की सगळं नीट होतं, असं बाई सांगायच्या. ती खरंच बोलली होती. तरी आई जमिनीवरच.

टाचा उंचावून तिने कॅमेऱ्यात डोकावलं. फोटोत तेच आजोबा रस्त्यावर आडवे पडले होते, रुमाल न बांधलेले. त्यांच्यावर हात उगारून कोणीतरी वाकलं होतं. त्या मिशा चिमीने लगेच ओळखल्या. हातात काय आहे ते मात्र दिसेना. ते चौकटीच्या वर गेलं होतं.

ती वळली आणि हवालदाराची बाही ओढून म्हणाली, "काका, आणि तुम्ही काय काढलं होतं?"

हवालदाराने साहेबांकडे पाहिलं. साहेब कॅमेऱ्याकडे बघत राहिले.

चिमी बाही धरून, मान वर करून, उत्तराची वाट बघत उभी राहिली.